बॅकअपमध्ये नसलेला फोटो

कंप्युटरच्या हिरव्या टिकचा मी धसकाच घेतलाय. पणदरे गावात माझा फोटो स्टुडिओ हाय. रोज बॅकअप झाला की हिरवी टिक दिसायची आणि मी निर्धास्त घरी जायचो. परवा सकाळी आतली दुसरी डिस्क उघडेना. म्हटलं, बॅकअप हाय की. बघतो तर बॅकअपमध्ये ती डिस्कच न्हाय. बॅकअपची यादी आधी केलेली, डिस्क नंतर बसवलेली, आणि यादीत ती टाकायची राहूनच गेलेली.

तेवढ्यात शेजारचे तात्या दारात. "माझ्यामागं पोरं कुठलाबी फोटो भिंतीला लावतील," म्हणून आपला फोटो त्यांनी आधीच काढून घेतला होता. तोच न्यायला आलेले, आणि तो होता त्याच डिस्कवर.

मी कसंबसं म्हटलं, "तात्या, फोटो गेला."

तात्यांनी टोपी नीट केली. "मग परत काढ की. मी हाय अजून."

जरा जीव भांड्यात पडला. म्हटलं, "उद्या या निवांत."

"उद्या पुण्याला ऑपरेशन हाय माझं. आजच काढ."

फोटो काढला. तीन ठिकाणी ठेवलाय. आता तो न्यायला तात्यांशिवाय दुसरं कुणी येऊ नये, एवढंच.