आधी विचारणारं यंत्र

तुम्ही कॉम्प्युटरचा विषय काढलात म्हणून सांगतो. एक कॉम्प्युटर अख्खी खोली अडवायचा, तेव्हाची गोष्ट. पुण्याला एका कारखान्यात मी प्रोग्रॅम लिहायचो. माझ्या प्रोग्रॅमला भोकं पाडलेल्या कार्डावर फक्त कामाचं नाव द्यायचं. तो आधी स्वतःच्या पोटात बघायचा: या नावाचं काम आपल्यात आहे का, त्याला काय काय लागतं, ते हाताशी आहे का. असलं तरच त्या कामाला हाक मारायचा.

साहेब म्हणाले, "या चौकशीत मशीनचा वेळ जातो. काढून टाका. नाव आलं की सरळ हाक मारायची."

"सोमवारी काढतो," म्हणालो आणि एसटीने भोरला घरी आलो.

जेवताना आबांनी, म्हणजे वडिलांनी विचारलं, "तुजं यंत्र करतं तरी काय?"

मी सांगितलं. आबांचा घास हातातच राहिला. "आदी इचारतं? काय लागतंय म्हून?"

"व्हय, आबा."

बौद्ध धम्माची दीक्षा घेण्याआधी आमच्या घराकडे गावकी होती, म्हणजे गावाची सांगतील ती कामं. गावाने हाक मारली की निघायचं.

"भर पावसात मयताची खबर घिऊन वेल्ह्याला धाडायचे," आबा म्हणाले. "पायात वहाण हाय का, पोटात भाकर हाय का, कुणी न्हाई इचारलं. नावानं हाक तर कदीच न्हाई."



सोमवारी साहेबांनी विचारलं, "काढलीत ना ती चौकशी?"

"नाही, साहेब. आमच्या घरी चालायचं नाही."