कोरे फोटो

मुलगी : बाबा दौऱ्यावर. घरात आपण दोघी आणि ती पाल. पालीला स्क्रू फिरवता येत नाहीत. मग दुर्बिणीचा कॅमेरा कुणी काढला?

आई : मी. पुसला आणि परत लावला.

मुलगी : आतली काचसुद्धा?

आई : चष्म्याच्या फडक्यानं, अगदी हलक्या हातानं. केवढी धूळ बसली होती. का, बिघडला का?

मुलगी : नाही. चांगला लख्ख झालाय.

आई : मग तोंड का पाडलंयस?

मुलगी : दादानं हॉस्पिटलमध्ये मला एकच काम सांगितलं होतं. दुर्बिणीच्या तोंडावर त्याचा पांढरा टीशर्ट ताणून कोरे फोटो काढायचे. त्यात नुसती धूळ उमटते. मग कॉम्प्युटर तेवढी धूळ त्याच्या फोटोंतून वजा करतो. आज परीक्षा संपली, म्हणून वर गच्चीवरच्या त्याच्या खोलीत आले.

आई : मग काढ की. टीशर्ट कपाटात आहे, देते.

मुलगी : आता काय उमटणार, आई? तीच धूळ लागते, त्याच जागी.

आई : थोडी परत टाकली तर?

मुलगी : आई, अगं...

आई : म्हणजे त्याचं काम मी घालवलं.

मुलगी : असं नको ना म्हणूस. तुला काय माहीत.

आई : तू शाळेत गेलीस की मी इथे येऊन बसते. नुसतं बसवत नाही गं. हाताला काहीतरी लागतं.

मुलगी : रोज येतेस?

आई : तो बोलवायचा तेव्हा नाही आले. गॅसवर काहीतरी असायचंच. त्यानं काढलेला फोटो दाखव ना मला. आहे तसा दाखव.

मुलगी : हा बघ. ही काळी वर्तुळं म्हणजे धूळ. आणि मधला हा फिकट भोवरा आहे ना, ती दीर्घिका.

आई : एवढीशी? त्याला दुर्बिणीतून अशी दिसायची?

मुलगी : छे. डोळ्यांना नुसता धुरकट ठिपका. कॅमेरा रात्रभर उजेड साठवत राहतो, तेव्हा कुठे एवढं उमटतं.

आई : आणि तो काय करायचा?

मुलगी : काही नाही. शेजारी बसून राहायचा.

आई : छप्पर उघडं टाकून? त्या थंडीत?

मुलगी : छप्पर उघडल्याशिवाय आकाश कसं दिसणार.

आई : स्वेटर घालायचा ना गं?

मुलगी : (स्क्रीनकडेच बघत) घालायचा.