डबल रोल म्हणे!

आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष म्हणजे आमचे मालक, त्यांच्या शेजारी बसलेले प्रमुख पाहुणे दिग्दर्शक साहेब, ज्यांच्यासाठी हा सगळा थाट मांडलाय ते सत्कारमूर्ती आमचे कटिंग मास्तर, पहिल्या रांगेत बसलेल्या त्यांच्या मंडळी म्हणजे आमच्या वहिनी, आणि शिवणातले, इस्त्रीतले, पॅकिंगमधले माझे सगळे भाऊ-बहिणी, सगळ्यांना नमस्कार. कुणी राहिलं असेल तर त्यानं स्वतःला यात धरून घ्यावं.

मला सांगितलंय, मावशी, पाच मिनिटं बोला आणि गोड बोला. मी चौथी शिकलेली. म्हणून ऑफिसातल्या बाईंनी भाषण लिहूनही दिलं होतं. त्यात लिहिलं होतं, मास्तर 'अजातशत्रू' आहेत. मी विचारलं, हे काय असतं? त्या म्हणाल्या, ज्याला एकही शत्रू नाही असा माणूस. तो कागद मी घरी ठेवून आले. या हॉलमध्ये मास्तरांचे चौदा शत्रू बसलेत, आणि त्यांत पहिला नंबर माझा.

हसू नका. मी विनोद करत नाहीये.

आधी एक सांगते. मी आता मास्तरांच्या आजाराबद्दल बोलणार आहे. त्यांना विचारून बोलतेय, वहिनींनाही विचारलंय. मास्तर म्हणाले, "बोला, पण आटपतं घ्या, गुडघे दुखतात." तेव्हा आटपतंच घेते.

मास्तरांना स्किझोफ्रेनिया आहे. घ्या, आला की शब्द. आठ दिवस आरशासमोर म्हणून पाठ केलाय. बावीस वर्षांपूर्वी ते पहिल्यांदा दवाखान्यात राहिले. तेव्हा थोरले मालक होते. त्यांनी विचारलं, "हात चालतोय का?" वहिनी म्हणाल्या, "औषधानं सकाळी जरा थरथरतो, दहानंतर बरा असतो." थोरले मालक म्हणाले, "मग दहाला या." संपला विषय. सभा नाही, कमिटी नाही. त्या दिवसापासून मास्तर दहाला येतात आणि सगळ्यांच्या नंतर जातात. एका वेळी वीस-वीस थर कापड त्यांनी कापलं. राजाचे अंगरखे कापले, पोलिसांचे गणवेश कापले, नाचणाऱ्या पन्नास बायकांचे एकसारखे घागरे कापले. तुम्ही सिनेमात बघता ना, नट काय रुबाबदार दिसतो! त्यातला खांदा नटाचा नसतो, मास्तरांचा असतो.

आणि हो, कालच इथं कुणी तरी म्हणालं, आजारामुळेच त्यांच्या हातात एवढी कला असेल. काही तरीच! हात त्यांना त्यांच्या वडिलांनी शिकवला, पाठीत धपाटे घालून. आजार वेगळा, हात वेगळा. हेही सिनेमानंच शिकवलंय आपल्याला. वेडा दाखवायचा तर एक तर खुनी, नाही तर महापंडित. दहाला कामाला येणारा, डबा खाणारा, पायजम्याची नाडी तुटली म्हणून चिडणारा दाखवायला यांना कुठला वेळ?

तर, गेल्या वर्षी दिग्दर्शक साहेबांची ऑर्डर आली. बरोबर चित्र होतं. पांढरा अंगरखा, बाह्या हातापेक्षा दीड हात लांब, त्या पाठीमागे नेऊन बांधायच्या, वर तीन पट्टे, तीन बकला. खाली लिहिलेलं, 'वेड्याचा पोशाख, नग सहा.' सहा कशाला? तर मारामारीत फाटणार म्हणून.

मास्तरांनी चित्र टेबलावर ठेवलं, चष्मा पुसला आणि साहेबांना म्हणाले, "साहेब, मी तिथं तीनदा राहून आलोय. असला कपडा मी कधी बघितला नाही."

साहेब म्हणाले, "मग काय घालतात?"

"साधा शर्ट-पायजमा. फक्त नाडीच्या जागी इलॅस्टिक. नंतर नंतर तर घरचेच कपडे घालू देतात."

साहेब काय म्हणाले, आठवतं ना साहेब? "इलॅस्टिक पडद्यावर दिसत नाही हो मास्तर."

बरोबर आहे. इलॅस्टिक दिसत नाही. रोज सकाळी गोळी घेतल्यावर तोंडाला पडणारी कोरड दिसत नाही. बाहेर कुणी हसलं तर ते आपल्यालाच हसलं असं वाटून माणूस दार लावून बसतो, ते दार दिसत नाही. तळहातावर गोळी आणि दुसऱ्या हातात पाणी घेऊन उभी राहणारी बायको, बावीस वर्षं, तीही दिसत नाही. दिसतात फक्त बकला.

मास्तरांनी चित्र उचललं. ऑर्डर ती ऑर्डर. सहाच्या सहा अंगरखे त्यांनीच कापले. शिवायला माझ्या मशीनवर आले. त्या बाह्या शिवताना मी म्हणालेसुद्धा, "काय हो मास्तर, एवढ्या लांब बाह्या, कुणाला मिठी मारायची आहे?" ते हसले. मला तेव्हा काही कळलं नाही. मी आपली शिवत बसले.

मग सिनेमा लागला. आपण शिवलेले कपडे बघायचे म्हणून सगळं शिवणखातं एकत्र गेलं. मास्तर आले नाहीत. गुडघे दुखतात म्हणाले. मी त्यांना चिडवलं, "चला की, तुमचा पोशाख हीरो होणाराय!"

आता ज्यांनी बघितला नसेल त्यांच्यासाठी सांगते. एक शिंपी असतो. दिवसा गरीब गाय. संध्याकाळी याच अंगात दुसरा माणूस येतो, मोठी कात्री घेतो आणि बायका मारत सुटतो. मध्ये एक डॉक्टर चष्मा काढून सांगतो, "याला स्किझोफ्रेनिया आहे. छिन्नमनस्कता. एका शरीरात दोन माणसं!" आणि ढँण्णकन म्युझिक. शेवटी आई येऊन गळ्यात पडते, दोन थेंब गाळते आणि हा ठणठणीत बरा. बरा झाला म्हणावं तर लगेच मरतोही. गोळी कुठे दिसली का हो? पूर्ण सिनेमात एकच गोळी होती, ती पोलिसानं झाडली.

परत येताना आमचा पॅकिंगवाला, ज्याला आपण सगळे रेडिओ म्हणतो, तो म्हणाला, "अरे, छिन्नमनस्कता! हेच तर लिहिलं होतं मास्तरांच्या कागदावर. मीच त्यांना एकदा दवाखान्यात सोडलं होतं." झालं! आम्ही पडलो शिवणकामवाले. छिन्न म्हणजे कापलेलं, कापलं की दोन तुकडे, दोन तुकडे म्हणजे दोन माणसं. सगळ्यांचा हिशोब चुटकीसरशी जुळला. डबल रोल!

दुसऱ्या दिवसापासून सुरू. इस्त्रीवाला रोज विचारणार, "काय मास्तर, आज कोण आलंय? तुम्ही की तुमचा डबल रोल?" मास्तरांना आधी कळेना. काजवालीनं मास्तरांच्या टेबलाशेजारचं आपलं मशीन उचलून खिडकीकडे नेलं. म्हणाली, उजेड हवा. नऊ वर्षं तिला उजेड नको होता! मग ऑफिसातून हुकूम आला, मोठी कात्री मालकांच्या कपाटात राहील. रोज दहा वाजता मागून घ्यायची, जेवायच्या सुट्टीला परत करायची, पुन्हा मागायची. ज्या माणसानं आयुष्यभर कात्रीवर पोट भरलं तो रोज दाराशी उभा, "मालक, कात्री मिळेल का?" शाळेतली पोरं लघवीला जायला विचारतात तसा. मालक, खाली काय बघताय? मी तुमच्याशीच बोलतेय.

आणि आता माझं.

एका दुपारी मी दोऱ्याचं रीळ आणायला कटिंगच्या टेबलाकडे गेले. मास्तर पाठमोरे होते. पुटपुटत होते. मी मागून गेले, माझी चाहूल लागली, ते वळले. हातात कात्री. आणि मी किंचाळले! अशी किंचाळले की सगळी मशीनं थांबली.

ते काय पुटपुटत होते, ठाऊक आहे? "सव्वीस, साडेसव्वीस, शिलाई पाऊण." मापं मोजत होते. बावीस वर्षं मी ते पुटपुटणं ऐकतेय. त्याच्या तालावर माझं मशीन चालतं. आणि त्या दिवशी ते वळले तेव्हा माझ्या कानात त्या सिनेमाचं म्युझिक वाजलं. ढँण्णकन. खरंच वाजलं, शप्पथ! आता तुम्हीच सांगा, नसलेले आवाज त्या खोलीत कुणाला ऐकू येत होते? मास्तरांना की मला?

मास्तरांनी कात्री हळूच खाली ठेवली. म्हणाले, "दचकलात मावशी? पाणी आणू?"

त्यांनी आणलेलं पाणी मी प्यायले. आणि दुसऱ्या दिवशी एक अर्ज फिरला, 'आम्हाला मास्तरांसोबत काम करायची भीती वाटते, त्यांना विश्रांती द्यावी,' त्यावर पहिली सही केली. रेडिओ म्हणाला, "मावशी, तुम्ही सगळ्यांत मोठ्या, तुमची सही आधी." माझी बघून बाकीच्या तेरा जणांनी केल्या. म्हणून म्हणाले, चौदा.

मगाशी मालकांनी वाचून दाखवलं, मास्तर 'प्रकृतीच्या कारणास्तव स्वेच्छेनं' निवृत्त होतायत. कुणाची स्वेच्छा? त्यांची साठी भरायला अजून चौदा महिने आहेत. त्यांच्या प्रकृतीला काही झालेलं नव्हतं. प्रकृती बिघडली होती ती आमची.

गेल्या आठवड्यात वहिनी माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, मास्तरांची झोप उडालीय, डॉक्टरांकडे जायचंय, सोबत येता का? अर्जावर सही माझी आहे हे त्यांना माहीत नव्हतं. मी गेले. डॉक्टरीणबाई तरुण, पण मुद्द्याचं बोलणाऱ्या. मी तिथंच विचारलं, "बाई, हे दोन माणसांचं काय असतं?" त्यांनी कपाळावर हात मारला. म्हणाल्या, "मावशी, दिवसाला पाच जण हेच विचारतात. माणसं दोन होत नाहीत. माणूस एकच असतो. त्याचे विचार, त्याच्या भावना आणि समोर जे घडतंय ते, यांचा मेळ सुटतो. नसलेलं ऐकू येतं, नसलेली शंका पक्की वाटते. औषधानं, कामानं, माणसांच्या सोबतीनं पुष्कळांचं बरंच सावरतं. आणि हे लोक दुसऱ्याला मारत सुटत नाहीत. बहुतेक वेळा मार त्यांनाच बसतो."

मी माझ्यापुरतं असं समजून घेतलं, शिवण उसवते, कापड एकच असतं. उसवलेली शिवण बघून कापड फेकून देणारा शिंपी तुम्ही बघितलाय?

मास्तर तिथं बाहेर बाकावर बसले होते. मी त्यांना विचारलं, "ते आवाज म्हणतात तरी काय हो?" ते म्हणाले, "म्हणतात, कापड उलटं लावलंस, माप चुकलं, तुझ्यानं होणार नाही." मी म्हटलं, "मग मालकच बोलतायत की!" दोघं हसलो. वहिनीही हसल्या. आणि मला लाज वाटली. इतक्या वर्षांत मी हे एकदाही विचारलं नव्हतं, आणि सिनेमावर मात्र दोन तासांत विश्वास ठेवला.

साहेब, तुम्ही माणूस वाईट नाही. मगाशी चहा स्वतः उठून घेतलात, मी बघितलं. मी तुम्हाला अंगरख्यांच्या फिटिंगला म्हणाले होते, शिंपीच का हो खुनी? तुम्ही म्हणालात, "मावशी, सिनेमा आहे, लोकांना कळतं तेवढं." नाही कळत, साहेब! मला नाही कळलं. मी तर ते अंगरखे स्वतः शिवले होते. बकला खोट्या आहेत हे मला ठाऊक होतं, रक्त म्हणजे लाल रंग हे ठाऊक होतं, तरी मी किंचाळले. मग ज्यानं मास्तरांना कधी बघितलंच नाही, त्याच्या घरात उद्या कुणाला हा आजार झाला, तर तो काय करेल? डॉक्टरकडे नेईल की खोलीला कडी घालेल? पुढचा सिनेमा काढाल तेव्हा आधी या माणसाशेजारी चार दिवस बसा. बसायला स्टूल मी देते.

आता तो अर्ज. हा बघा. ऑफिसातून मागून आणलाय. बरं, न मागता आणलाय. कुणी तरी पेन द्या. हे माझं नाव. हे खोडलं. नीट खोडलं, दोन रेघा मारल्या. अर्ज इथं टेबलावर ठेवते, वर पेन ठेवते. मी कुणाला जबरदस्ती करत नाही. ज्याला अजून भीती वाटते त्यानं आपलं नाव राहू द्यावं, पण मग मास्तरांच्या तोंडावर उभं राहून सांगावं, मला तुमची भीती वाटते.

कोण उठलं? काजवाली? ये बाई, ये. चष्मा आणलास ना? तिसरं नाव तुझं.

मालक, तुम्ही हातानं काय खुणावताय? चहानंतर बोलू? बोलू. साठीपर्यंतचे चौदा महिने आणि कात्री टेबलावर, एवढंच बोलायचंय. मी चहा तुमच्या शेजारी बसूनच घेणार आहे, तेव्हा विसरायचं काम नाही.

सही माझी होती हे वहिनींना आणि मास्तरांना मी आज सकाळीच सांगितलं. वहिनी गोळीसाठी पाणी आणायला आत गेल्या. मास्तर म्हणाले, "अस्सं," आणि बूट घालायला लागले. त्यांना परत यायचं आहे की नाही हे मला माहीत नाही. आमच्यात कुणाला यावंसं वाटेल म्हणा.

हॉल झाडून देणाऱ्यांचे, खुर्च्या मांडणाऱ्यांचे, माईक मध्येच बंद न केल्याबद्दल माईकवाल्याचे आभार. माझ्या बोलण्यात शब्द वाकडा गेला असेल, मानापमान झाला असेल, तर मंडळी, तुम्ही सगळ्यांनी म्हातारीचं बोलणं म्हणून पोटात घाला.

मास्तर, तुम्ही घालू नका. मी तुमची माफी मागते, सगळ्यांसमोर मागते. द्यायची की नाही ते तुम्ही ठरवा, आणि घाई करू नका. मी रोज तिथंच असते, तिसऱ्या मशीनवर.