तीन पिढ्यांचा डावा खांदा

माझं माहेर कराडचं, वडील शिंपी, त्यामुळे माझा पाय मशीनवर आधी पडला आणि शाळेत नंतर, आणि विसाव्या वर्षी लग्न होऊन जी इकडे अमेरिकेत, बोस्टनजवळच्या श्रूजबरीला आले ती चाळीस-एक वर्षं इथंच, मिस्टर कारखान्यात लेथवर आणि मी बेसमेंटमध्ये लोकांचे कपडे आल्टर करत, मग दुकान झालं. कामाला मी वाघ आहे, हे मीच सांगते, दुसरं कोण सांगणार.

आता तुम्ही त्या घराण्याचं विचारताय. नाव लिहू नका हं. आजोबा गावच्या बोर्डावर, म्हणजे गावाचा सगळा कारभार बघतं ते बोर्ड, त्यांचा मुलगा तिथूनच बोस्टनला विधानसभेत गेला, आणि आता नातू बोर्डावर. तिघांचे कोट माझ्याकडेच. काय सांगू तुम्हाला, तिघांचाही डावा खांदा उतरता, आतून पॅड घालावंच लागतं, खाण तशी माती. माणसं चांगली हो, मिस्टर गेले तेव्हा आजोबा काठी टेकत घरी आले होते, ते मी विसरणार नाही.

आणि त्या नातवाविरुद्ध कोण उभं राहिलं, तर माझी मुक्ता. शाळेत सायन्स शिकवते ती. मी म्हटलं अगं, त्यांचं मीठ खाल्लंय आपण, तर म्हणते आई, तू कोट चांगले शिवलेस म्हणून ते आले, आणि सीट काय त्यांच्या घरची आहे का. आधी राग आला, मग पटलं. आणि एकदा पटलं की मी थांबत नाही.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आलेल्या बायकांची नावं वहीत लिहिली, घरोघर फोन केले, सगळे म्हणाले काकू, मुक्ताला नाही तर कुणाला, एकदम पक्कं. दोनशे नावं! वही तिच्यापुढे टाकली, म्हटलं घे, आलीस निवडून. तिनं मतदारयादी उघडली, एकेका नावावर बोट फिरवत गेली आणि तिचा चेहरा उतरत गेला. कुणी व्हिसावर, कुणी ग्रीन कार्डवर, सिटिझन झालेले चाळीससुद्धा नाहीत. मग म्हणाली, अँड यू टू, आई. मला खरंच वाटलं होतं, गावच्या निवडणुकीला ग्रीन कार्ड चालत असेल, टॅक्स तर आम्ही भरतोच की. म्हणाली खबरदार मत द्यायला गेलीस तर, देशाबाहेर काढतील.

पडली. थोडक्या मतांनी पडली. ती रडली नाही, मी रडले. मिस्टरांनी सिटिझनशिप घेतली तेव्हा मला किती विनवलं होतं, पण आपला पासपोर्ट सोडायचा म्हणजे माहेरचं दार लावून घेतल्यासारखं वाटायचं. आणि तिकडे भारतात तेव्हा मताचा हक्क मिळायचा एकविसाव्या वर्षी, मी तर विसाव्याला निघून आलेली. म्हणजे बघा, साठीला टेकले तरी आयुष्यात एकदाही मत दिलेलं नाही, कुठेच नाही. लाज वाटली हो.

मग फॉर्म भरला, शिवता शिवता प्रश्न पाठ केले, शपथ घेतली. भारताचा पासपोर्ट परत करायचं जिवावर आलं, खोटं कशाला बोलू, पण केला परत.

यंदा मुक्ता पुन्हा उभी आहे, त्याच सीटला, त्याच नातवासमोर. परवा तो नवा कोट घेऊन आला. मी नेहमीसारखं डाव्या खांद्यात पॅड घातलं, कामात मी दुजाभाव करत नाही. आरशात बघून हसत म्हणाला, तुम्ही आता मतदार झालात म्हणे, मग माझ्यासाठी काही आशा? मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि माझ्या मोडक्यातोडक्या इंग्लिशमध्ये सांगितलं, बाळा, आशीर्वाद हवा तेवढा घेऊन जा, मत मात्र माझ्या लेकीला.