मारुतीनं बांधलेली छत्री

हसताय काय? एकाहत्तरची लढाई सरल्यावर मी छत्रीच्या फौजेत गेलो, तवाची ही पयल्या उडीची गोष्ट. उस्तादानं पॅराशूटांच्या ढिगाकडं बोट केलं, "एकेक उचला." हरेकावर बांधणाऱ्याच्या नावाची चिठ्ठी. मी चिठ्ठ्या वाचत सुटलो. औंधच्या मारुतीचं नाव दिसलं, तसं झटकन उचललं. आपल्याकडचा माणूस!

विमानात शेजारच्या पलूसच्या गड्यानं इचारलं, "कोण रं ह्यो मारुती?"

"औंधचा. गेल्या सुट्टीत त्याच्या बहिणीला बघाय गेलतो आमी..." बोलता बोलता माझा हात पाठीवरच्या छत्रीकडं गेला. "पोरगी पसंत हाय म्हणालो, अन् मागनं नकार कळवला."

त्यो जरा सरकूनच बसला. तवर दार उघडलं अन् उस्तादानं मला भाईर ढकललं.

छत्री उघडली, म्हणून तर हितं च्या पितोय. खाली आल्यावर मारुतीला गाठलं. "तुझं नाव बघून छत्री उचलली, गड्या. मनात राग न्हाई न्हवं?"

मारुती छत्रीची घडी घालत हुता. मान वर न करता म्हणाला, "कुठली छत्री कोण उचलंल, ते बांधताना आमाला कळत न्हाई." मग माझ्याकडं बघितलं. "आता तुझं तेवढं कळलं."

माझ्या अजून चार उड्या बाकी हुत्या.