दुसरी बरणी

प्रू : म्हणजे पोटाच्या आत गरम काही चालत नाही, पण बाहेरून गरम पाण्याची पिशवी चालते. वा गं, अजब आहे तुमचा धर्म!

लोर्ना : हसवू नकोस, प्रू. हसलं की कळ येते.

प्रू : येणारच. पोटाचा नगारा झालाय. बेकर्सफील्डहून निघाले तेव्हा वाटलं, माझा भाऊ गेल्यापासून ही वाळून काडी झाली असेल. इथं येऊन बघते तर उलटंच.

लोर्ना : गॅस आहे. कच्चं खाणाऱ्यांना होतो कधीकधी. मोडाचे मसूर जरा जास्त झाले असतील.

प्रू : जरा? डॉक्टरीण काय म्हणाली ते तुझ्या शेजारच्या ऑड्रीनं सांगितलंय मला. आतडं तुंबायला आलं होतं. पुन्हा असं झालं तर पोट फाडावं लागेल म्हणे.

लोर्ना : ऑड्रीच्या तोंडात तीळ भिजत नाही.

प्रू : बरंय की मग, तीळ तरी कोरडा राहतो. या घरात बाकी सगळं भिजतंय.

लोर्ना : प्रू!

प्रू : रागावू नकोस गं. शनिवारी याच ओट्याभोवती कच्चं खायला शिकणारे लोक जमतील ना तुझे? विचारतील, "लोर्ना, कच्चं खाऊन समाधानच होत नाही, हात थांबत नाही, काय करू?" काय सांगतेस तू त्यांना?

लोर्ना : बदाम-अक्रोड एकच मूठ. रात्रभर भिजवून. एकेक घास सावकाश चावायचा. खरबूज खायचं तर एकटंच, त्याच्यावर दुसरं काही नाही. आणि पोट जड असेल तर त्या वेळचं खाणं सोडायचं.

प्रू : आणि स्वतः? लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

लोर्ना : मला नियम माहीत आहेत, प्रू.

प्रू : तेच तर कळत नाही मला. गायसुद्धा पोट भरलं की तोंड वर करते, बाई. आमच्या गोठ्यात तुझ्यासारखं फुगलेलं जनावर दिसलं असतं, तर बाबांनी आधी चारा बंद केला असता. मी तेव्हाच म्हटलं होतं, माणसाला गरम घास लागतो...

लोर्ना : तेव्हाच म्हणालीस. दफनाच्या दिवशी, सगळ्यांसमोर. "याला कुणी गरमागरम जेवू घातलं असतं तर माझा भाऊ जगला असता." विसरले नाही मी.

प्रू : म्हणाले खरी. चुकलं माझं. बाबाही वेंडेलच्याच दुखण्यानं गेले, तेही त्याच्यापेक्षा कमी वयात. आणि ते तर रोज मांस खायचे. घरी जाऊन रडले मी त्यावर, तुला सांगितलं नाही, इतकंच.

लोर्ना : सांगायचं होतंस.

प्रू : आता सांगितलं. चहा करते मी माझ्यापुरता. केटली तरी आहे ना घरात, की तीही पुरून टाकलीत?

लोर्ना : खालच्या कप्प्यात. पाहुण्यांसाठी.

प्रू : या बरण्या कसल्या गं सिंकमध्ये? तोंडाला जाळी बांधून उपड्या ठेवल्यात.

लोर्ना : निथळायला ठेवल्यात. बदाम आहेत. असू देत तशाच.

प्रू : एकीत बदाम आहेत. दुसरीत अक्रोड.

लोर्ना : हो.

प्रू : लोर्ना, अक्रोडानं तुझ्या जिभेला फोड येतात. लग्नाच्या केकमधले अक्रोड तू बोटानं वेचून काढले होतेस, आई वर्षभर तेच उगाळत होती.

लोर्ना : येतात अजून फोड.

प्रू : अक्रोड तर वेंडेल खायचा. कवळीत बदाम अडकतो म्हणायचा.

लोर्ना : त्याचेच आहेत.

प्रू : त्याचेच म्हणजे?

लोर्ना : संध्याकाळी भांडी विसळली की हात आपोआप जातो. एका बरणीत माझे बदाम, दुसरीत त्याचे अक्रोड. इतकी वर्षं तसंच केलं ना! पाणी ओतते, आणि मग लक्षात येतं.

प्रू : आणि सकाळी?

लोर्ना : सकाळी माझे खाते. मग त्याचे खाते.

प्रू : सगळंच दोघांचं?

लोर्ना : ॲव्होकाडो कापला की दोन भाग होतातच. उरलेला अर्धा दुपारपर्यंत काळा पडतो. त्याच्या वाटणीचे खजूर, त्याचे मसूर, जवसाच्या चकत्या. मला भूक नसते, प्रू. हात थांबत नाही असं लोक सांगतात तेव्हा मी मान डोलावते, पण माझं तसं नाहीच. मला एक घाससुद्धा नको असतो.

प्रू : मग फेकून का नाही देत, वेडे?

लोर्ना : कसं फेकू? शनिवारी तो स्वतः बरणी हातात धरून सांगायचा लोकांना, "पाणी लागलं की दाणा जागा होतो. जागं केलेलं टाकायचं नाही." ते मलाच येऊन चिकटलंय. मीच जागं करायचं आणि मीच कचऱ्यात घालायचं?

प्रू : ऑड्रीला द्यायचे होतेस.

लोर्ना : दिले एकदा. तिनं साखरेत घोळवून ओव्हनमध्ये भाजले आणि मलाच आणून दिले. चांगल्या मनानं गं. मी दार लावून रडत बसले.

प्रू : मग भिजवूच नकोस.

लोर्ना : तेही करून पाहिलं. सकाळी उठले तर सिंकमध्ये एकटी बरणी. बघवलं नाही मला. तशीच धावत जाऊन दुसरी भिजवली. प्रू, मला मरायचं नाहीये गं. डॉक्टरीण बोलली तेव्हा मी घाबरले. पण त्याचा घास राहिला की वाटतं, तो जेवायचा थांबलाय.

(प्रू केटली खाली ठेवते, अक्रोडांची बरणी घेऊन लोर्नाच्या शेजारी येऊन बसते.)

लोर्ना : काय करतेस?

प्रू : आजचे मी खाते.

लोर्ना : तू? तू म्हणतेस हा गुरांचा चारा आहे.

प्रू : आहेच. अगंबाई, कडू आहेत! आणि कसले लिबलिबीत!

लोर्ना : त्याला आवडायचे.

प्रू : माहितेय. लहानपणी गोठ्याच्या दाराच्या फटीत धरून फोडायचा. दार मी लोटायचे, बोटं त्याची. एकदा त्याचं नख गेलं, तरी आईला माझं नाव सांगितलं नाही त्यानं. माझा धाकटा होता तो, लोर्ना. तुझा नवरा होता, पण त्याच्या आधी माझा धाकटा होता.

लोर्ना : रडत खाऊ नकोस. ठसका लागेल.

प्रू : लागू दे. सावकाश चावायचं ना? चावतेय. झाले बघ. संपले.

लोर्ना : आजचे संपले.

प्रू : रविवारपर्यंत आहे मी. तोवर दोन बरण्या भिजव. पण दोन्हीत बदाम. एक तुझी, एक माझी. अक्रोड मला झेपायचे नाहीत.

लोर्ना : आणि रविवारनंतर?

प्रू : रविवारी तू माझ्याबरोबर बेकर्सफील्डला चल. आपली बरणी घेऊन ये. एकच. माझ्या सिंकमध्ये माझ्या कपबश्या असतात, एकटी नाही पडायची ती.

लोर्ना : माळ्यावर पोतंभर अक्रोड आहेत गं अजून. गेल्या हिवाळ्यासाठी त्यानंच आणून ठेवलेले.

प्रू : फोडलेले?

लोर्ना : नाही, कवचातले. लागतील तसे फोडते.

प्रू : किती टिकतात?

लोर्ना : कवचात असले तर खूप दिवस. पाणी लागलं नाही तर झोपूनच असतात.

प्रू : मग झोपू दे.