चेकची मागची बाजू

नाही गं, पुढची बाजू नकोच मला. पुढची मीच लिहिलीय, माझ्याच अक्षरात, ती बघून काय करू — मला मागची हवी, चेकची मागची. तू जोलीनची धाकटी ना? वाटलंच, हनुवटी तीच आहे. तुझी आई बँकेत या खुर्चीवर बसायची तेव्हा दर महिन्याला घरी जाडजूड पाकीट यायचं — मी लिहिलेले सगळे चेक, वटून, शिक्के खाऊन, परत. किराणा, वीज, चर्चची वर्गणी, सगळे. आता काय येतं? एक कागद. त्यावर चेकचे बारीक बारीक फोटो, शाळेतल्या वर्गाच्या फोटोसारखे ओळीनं बसवलेले, दहा दहा एका पानावर — आणि सगळ्यांची तोंडं पुढे. पाठ कुणाचीच नाही.

हो, ते पत्रक आलं होतं जानेवारीत, वाचलं मी. जिथं चेक भरला तिथंच त्याचा फोटो काढायचा, फोटो तारेवरून पाठवायचा आणि मूळ कागदाचा चुरा करायचा. कळतं मला, अडाणी नाही मी, चाळीस वर्षं शाळेच्या ऑफिसात काढलीत. आणि जलद आहे, तेही मान्य. फारच जलद आहे. माझ्या नवऱ्याला, डेल्मरला विचार — तो बघ, बाहेर गाडीत बसलाय, आत यायला लाजतो. त्याची आयुष्यभराची सवय, पगार शुक्रवारी आणि ट्रॅक्टरच्या टायरचा चेक बुधवारी. चेक फिरून येईपर्यंत शुक्रवार उजाडलेला असायचा. यंदा गुरुवारी सकाळीच चेक तुमच्या दारात, आणि खात्यात खडखडाट. टायरवाल्याचा फोन आला तेव्हा मी इतकी हसले, इतकी हसले — आणि मग कळलं की दंडही भरायचाय. असो. त्याचं मला काही नाही, त्याला अद्दल घडली. मी आलेय ते माझ्या बहिणीच्या चेकसाठी.

म्हणजे चेक माझाच, पण जातो तिला. लव्हॉन. सू फॉल्सला असते, इथून सव्वातीन तास, थोरली माझी, एकटीच. बाबांचं घर आम्ही भाड्यानं दिलंय, भाडं माझ्याकडे येतं, तिचं निम्मं मी एक तारखेला चेकनं पाठवते. आता तू म्हणशील, मागे काय असणार, तिची सही. सही असतेच — पण सहीखाली जागा उरते ना. आणि पुढे डाव्या कोपऱ्यात 'कशासाठी' म्हणून एक रेघ असते, त्या रेघेवर मी लिहायची. 'छप्पर गळतंय.' चेक जायचा, ती भरायची, वटून माझ्याकडे परत यायचा, आणि मागे तिच्या सहीखाली — 'गळू दे.' अशी ती. मी लिहायचं, 'भाडेकरू ट्रॉम्बोन वाजवतो.' मागे, 'बाबांच्या घोरण्यापेक्षा बरं असेल.' एकदा डेल्मरचं पित्ताशय काढलं तेव्हा मी लिहिलं, 'डेल्मर बरा आहे,' तर मागे, 'वाईट वाटलं.' अकरा वर्षं चाललंय हे. सगळे ठेवलेत मी, बुटांच्या तीन खोक्यांत. उगाच आपले. करवाल्यांनी विचारलं तर दाखवायला.

फोन? फोन कसा करणार, आम्ही बोलत नाही ना एकमेकींशी. लिहिणं वेगळं. बोलणं बंद आहे, अकरा वर्षं, बाबांच्या दफनाच्या जेवणापासून. चर्चच्या तळघरात पानं वाढलेली — आणि लव्हॉननं आणलं बटाट्याचं सॅलड. आईच्या काचेच्या वाडग्यात, वर लाल तिखट भुरभुरलेलं. बायका म्हणतायत, वा लव्हॉन, अगदी आईच्या हातचं. आणि मी तोंड उघडलं. मी म्हटलं, आईच्या हातचं कसलं, दुकानातलं आहे, डबा तिच्या गाडीत मागच्या सीटवर पडलाय, मी पाहिला. खरं होतं गं, डबा होता. ती वाडगा उचलून निघून गेली, काळा कोट तिथंच विसरून. बाबांना शेवटचे आठ महिने तिनंच सांभाळलं होतं, स्वयंपाक करायला वेळ कुठला मिळणार तिला — पण हे मला कळलं घरी आल्यावर, रात्री. आणि रात्री कळलेलं सकाळी कोण बोलतं. पहिला फोन जी करेल ती हरली, असं झालं मग.

तर जानेवारीपासून पाकीट बंद. मला आधी लक्षातच आलं नाही, मला वाटलं हिनंच लिहिणं सोडलं. मी जानेवारीत लिहिलं, 'भट्टी नवी बसवली' — घर गरम ठेवायची — उत्तर नाही. फेब्रुवारीत, 'बर्फ कमरेएवढं' — काही नाही. मी पण तिचीच बहीण, मला आला राग. मार्चच्या चेकवर लिहिलं, 'तुझं तू बघ.' एवढंच. आणि परवा डेल्मर म्हणतो, अगं, लिहीत असेल ती, पण मागची बाजू तुला दिसते कुठे? माणसाच्या डोक्यात नुसते टायर, पण कधी कधी बोलतो शहाण्यासारखं.

दिसतं? तुझ्या त्या पडद्यावर मागचीही दिसते? मग मघापासून मला बडबडू कशाला दिलंस. फिरव इकडे. थांब, चष्मा — हां. अय्या, किती स्वच्छ. मोठंही होतं? कर, कर अजून मोठं. हे तर कागदापेक्षा बरं झालं, कागदावर तुमचे शिक्के तिच्या अक्षरावर बसायचे. हा जानेवारीचा ना? 'नव्या भट्टीत डेल्मरला घाल.' बघ, बघितलंस? लिहीत होती. लिहीतच होती, मेली. मी उगाच तीन महिने जीव खाल्ला स्वतःचा.

पुढचा लाव. फेब्रुवारी. बारीक लिहिलंय, जागा पुरली नाही तिला, कडेनं वळवलंय. 'गुडघा बदलायचा, दहा मार्च. न्यायला कुणी नाही. येशील?'

येशील, असंच आहे ना ते? तुझे डोळे तरुण आहेत. बरं.

म्हणजे तिनं हे लिहिलं, आणि त्यावर माझा मार्चचा चेक गेला तिला. त्यावर मी काय — हो. सांगितलं मघाशी तुला. ते तीन शब्द.

दाखव. मार्चचाही दाखव. नाही, बसत नाही मी, दाखव तू.

'बघितलं. टॅक्सीनं गेले, टॅक्सीनं आले.'

आणि एप्रिल? नुसती सही. खाली काही नाही. मोठं करून काय होणार बाळ, जे नाहीच ते मोठं कसं दिसेल.

नको, छापून नको. पैसे पडत नसले तरी नको. हे बघ, मे महिन्याचा चेक पर्समध्येच आहे, पाकिटाला तिकीटही लावलंय, त्या कोपऱ्यातल्या पेटीत टाकणार होते जाता जाता. नाही टाकत. तिकीट गेलं वाया तर गेलं. तू एक कर, त्या काचेवर टकटक कर आणि डेल्मरला खूण कर, टाकी भरून घे म्हणावं, पूर्ण. कुठं जायचं विचारेल तो — विचारू दे. आणि कोपऱ्यावरचं दुकान उघडं असेल ना? तिथं बटाट्याचं सॅलड मिळतं, प्लॅस्टिकच्या डब्यातलं. तेच घेते. वाडग्यात काढायचं नाही, वर काही भुरभुरायचं नाही, किमतीची चिठ्ठीसुद्धा तशीच — तसाच डबा तिच्या दारात धरून उभी राहते. बोलेल ती. नाही बोलली तर मी बोलते.

बंद कर तो पडदा. मागे मिसेस होलकोम ताटकळल्यात, त्यांना घे पुढे.